ताशा यार नक्की मेली कुठे? (आणि कोणत्या काळात?)

रामबागी

स्पॉयलर आहेत. मालिका १९९४ मध्ये संपलीय, तेव्हा कुणी कुरकुर करू नये.

गेल्या बैठकीत इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस संपला पण वाद संपला नाही, म्हणून हा धागा. बाहेरगावचे लोकही वाचतात, म्हणून आधी कथा सांगतो. ज्यांना पाठ आहे त्यांनी सरळ खाली जावं.

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’मधली ताशा यार, एंटरप्राइज-डी या अंतराळयानाची सुरक्षा अधिकारी. पहिल्या सीझनच्या शेवटाकडे ‘स्किन ऑफ ईव्हिल’ नावाचा भाग आहे (२५ एप्रिल १९८८). व्हॅग्रा-२ ग्रहावर कोसळलेल्या शटलमध्ये जहाजाची समुपदेशक ट्रॉय अडकलीय, वाटेत आर्मस नावाचा डांबरासारखा काळा चिकट प्राणी. ताशा म्हणते, आम्हाला जाऊ दे, आणि त्याला वळसा घालून पुढे निघते. तो एका फटक्यात तिला मारून टाकतो. भाग अर्धाही झालेला नसतो. डॉक्टर क्रशर खटपट करतात, उपयोग होत नाही. ना लढाई, ना शेवटचं वाक्य. ही ताशा नंबर एक.

मग १९ फेब्रुवारी १९९० चा ‘यस्टरडेज एंटरप्राइज’. २३४४ साली नरेंद्रा-३ या क्लिंगॉन ठाण्याला रोम्युलनांपासून (दोन्ही परग्रहवासी जमाती) वाचवायला गेलेलं जुनं एंटरप्राइज-सी काळाच्या भगदाडातून बावीस वर्षं पुढे येऊन पडतं. ते तिथे लढून मेलं नाही, म्हणून क्लिंगॉनांशी मैत्री जमली नाही, म्हणून वीसेक वर्षं युद्ध चाललंय आणि फेडरेशन (पृथ्वीसह अनेक ग्रहांचा संघ, एंटरप्राइज त्याचंच) शरणागतीला टेकलंय. पडद्यावर क्षणात सगळं बदलतं: ब्रिजवर अंधार, जहाजावरचा क्लिंगॉन अधिकारी वर्फ गायब, आणि त्याच्या जागी ताशा उभी. जहाजावरच्या बारची गायनन, जिला काळ बदलल्याचं जाणवतं, तिला सांगते की तू इथे असायला नकोस, दुसऱ्या काळात तुझं मरण अगदी पोकळ होतं. ताशा कॅप्टन पिकार्डची परवानगी काढून एंटरप्राइज-सीवर जाते आणि ते जहाज मरायला परत २३४४ मध्ये जातं. ही ताशा नंबर दोन.

इथे थांबले असते तर मीही थांबलो असतो. पण १९९१ मध्ये ‘रिडेम्प्शन’ आला. रोम्युलन कमांडर सेला, चेहरा हुबेहूब ताशाचा. ती पिकार्डला सांगते: माझी आई ताशा. पकडली गेली, एका जनरलला आवडली, बाकीच्यांचा जीव वाचावा म्हणून त्याच्याकडे राहिली. मी वर्षभरात जन्मले. चार वर्षांची असताना आई मला घेऊन पळायला निघाली, मी ओरडले, तिला देहदंड झाला.

माझं म्हणणं सोपं आहे. दुसऱ्या ताशाच्या मरणाची एकमेव साक्षीदार सेला. ती शत्रूची अधिकारी, घटनेच्या वेळी चार वर्षांची, आणि बोलतेय ती पिकार्डला हादरवायला. असल्या साक्षीवर आपल्या जिल्हा कोर्टात सायकलचोरीही सिद्ध होणार नाही. ताशाला देहदंड झाला हे मी मानत नाही.

चष्मिष

काका, म्हणजे ‘बॉडी दाखवली नाही तर माणूस मेला नाही’ हा नियम. हा डेली सोपचा नियम आहे. दरीत पडलेला नवरा दोनशे एपिसोडनी नवा चेहरा घेऊन येतो.

रामबागी

हसू नकोस. कहाणीचे दोन भाग वेगळे कर. ताशा २३४४ मध्ये त्या जहाजावर होती, हे गायननही म्हणते. वर पिकार्डला ऐकवते की तिला तूच पाठवलंस. म्हणजे सेलाच्या जन्माची बाजू भक्कम. मरणाच्या बाजूला दुसरा साक्षीदार दाखव, मी धागा बंद करतो.

लष्करकर_ग्वाल्हेर

आमच्या ग्वाल्हेरात या विषयावर पिढ्यान्‌पिढ्या चर्चा झालीय, फक्त ग्रहाचं नाव पानिपत. भाऊसाहेब १४ जानेवारी १७६१ ला गर्दीत दिसेनासे झाले. पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत स्वतःला विधवा मानलं नाही. मग तोतया उभा राहिला, लोक त्याच्यामागे गेले, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं. तोतया इतकी वर्षं कशावर टिकला? चेहऱ्यावर आणि लोकांच्या इच्छेवर. सेलाचंही तेच. पडद्यावर तो चेहरा आला की पिकार्ड अर्धा हरलेला असतो.

पण उलट बाजूही घ्या. महादजी शिंदे त्याच रणातून पायावर घाव घेऊन निघाले, राणेखान भिश्त्याने बैलावर घालून नेलं. त्या आठवड्यात कुणी सांगितलं असतं की महादजी गेले, तर कुणी शंका घेतली नसती. तेव्हा रामबागी, पुरावा नाही म्हणून मेली असंही होत नाही आणि जगली असंही होत नाही.

सराफा_रात्री_बारा

धागा तिसऱ्या माणसाला पानिपतावर पोचला. मराठी आंतरजालाची लाज राखलीत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वॉर्प_मावशी

भाऊसाहेबांना जरा बाजूला बसवा. साक्षीपुराव्याच्या आधीचा प्रश्न असा की दुसरी ताशा २३४४ मध्ये असूच शकते का?

पहिले अडीच सीझन आपण जो काळ पाहिला त्याला ‘क’ म्हणू. युद्धाचा तो ‘ख’. एंटरप्राइज-सी परत गेल्यावर जो सुरू होतो तो ‘ग’. सगळे धरून चालतात की ‘क’ आणि ‘ग’ एकच. कशावरून? ‘ग’मध्ये त्या जहाजावर एक माणूस जास्त आहे आणि तो ‘ख’मधून आलाय. मूळच्या ‘क’मध्ये ते जहाज कुठेही न जाता नरेंद्रा-३ लाच नष्ट झालं असेल, तर त्यावर ताशा नव्हती आणि सेला जन्मलीच नाही. म्हणजे त्या भागाच्या शेवटी सगळं पूर्ववत झालं असं आपल्याला वाटतं, पण पिकार्ड उभा आहे तो ‘ग’मध्ये, जिथे रोम्युलसवर विशीतली एक सोनेरी केसांची मुलगी आधीपासून आहे. पहिल्या अडीच सीझनमधला पिकार्ड वेगळा, नंतरचा वेगळा. दिसायला तोच.

दुसरा पर्याय: ‘क’ आणि ‘ग’ खरंच एक. एंटरप्राइज-सी नेहमीच पुढे आलं होतं आणि परत गेलं होतं, सेला पहिल्या भागापासून होतीच, फक्त आपल्याला दिसली नव्हती. बंद वळसा. इगोर नोव्हिकोव्ह या रशियन भौतिकशास्त्रज्ञाचं तत्त्व हेच सांगतं: भूतकाळात जाऊन तुम्ही जे कराल ते इतिहासात आधीच जमा असतं, विसंगती घडूच शकत नाही. ऐकायला छान. पण बंद वळशात ‘ख’ला जागा नाही. आणि ‘ख’ घडलाच नाही तर ही ताशा आली कुठून? ‘क’मधली तर व्हॅग्रा-२ वर मेलेली.

म्हणजे मालिकेला वळसाही हवा आणि फाटाही हवा. हा तिढा सुटेपर्यंत ती मेली की जगली हा प्रश्न घाईचा आहे.

शंकेखोर

मावशी, स्टार ट्रेकमध्ये नियम कधी होते? १९६७ चा ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ घ्या. जुन्या मालिकेतला डॉक्टर मॅकॉय भूतकाळात जाऊन एडिथ कीलर नावाच्या बाईला वाचवतो तर वर एंटरप्राइजच नाहीसं होतं, ती मेली की सगळं परत जागेवर. म्हणजे एकच पाटी, पुसा आणि लिहा. १९९२ च्या ‘टाइम्स ॲरो’मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अँड्रॉइड अधिकारी डेटाचं मुंडकं जमिनीखाली आधीच सापडतं आणि मग ते तिथे कसं पोचलं ते घडतं. म्हणजे तुमचा बंद वळसा. १९९३ च्या ‘पॅरलल्स’मध्ये वर्फ एका विश्वातून दुसऱ्यात घसरत जातो आणि शेवटी २,८५,००० एंटरप्राइज एकाच जागी गोळा होतात. म्हणजे फाटे. ज्या आठवड्याला लेखकाला जे सोयीचं, तो त्या आठवड्याचा नियम.

वॉर्प_मावशी

म्हणून काय धागा बंद करायचा? मालिका नियम देत नसेल तर घटनांवरून काढायचा. होळकर कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही तेच करायचो: उत्तर आधी पाठ, रीडिंग मागून.

दांडियाबाजार

बडोद्याहून एक पुरावा पाठवतोय, ‘क’ आणि ‘ग’ एकच असल्याचा. ऐका ने.

‘द न्यूट्रल झोन’, पहिल्या सीझनचा शेवटचा भाग, मे १९८८. रोम्युलन पन्नासहून जास्त वर्षांनी तोंड दाखवतात, आणि काय घेऊन येतात? ते अजस्र हिरवं वॉरबर्ड जहाज. एंटरप्राइज-डी त्याच्यासमोर छोटं दिसतं. अर्धं शतक दार लावून बसलेल्यांनी हे कशाच्या जोरावर बांधलं? २३४४ मध्ये त्यांच्या हाती अशी एक अधिकारी लागली होती जिने २३६६ मधलं युद्ध टॅक्टिकलवर (शस्त्रांच्या जागेवर) उभं राहून लढलेलं होतं. फेझर, ढाली, टॉर्पेडो, क्लिंगॉनांच्या खोडी, सगळं डोक्यात. चौकशीत थोडं जरी निघालं तरी बावीस वर्षांची आघाडी. आता मजा बघा: हे जहाज पडद्यावर ‘यस्टरडेज एंटरप्राइज’च्या आधी आलंय. परिणाम आधीच हजर होता. वळसा बंद, सेला पहिल्यापासून होती.

चष्मिष

बाप रे. वाखुसा (वाचनखूण साठवली).

शंकेखोर

वॉरबर्ड मोठं होतं कारण १९८८ मध्ये मॉडेल करणाऱ्यांना मोठं करायचं होतं. तेव्हा १९९० च्या भागाचा कुणाच्या स्वप्नातही पत्ता नव्हता.

दांडियाबाजार

ते स्टुडिओचं कारण झालं, मी कथेतलं कारण सांगतोय. दोन्हीची भेळ करू नका. तसं पाहिलं तर ताशा मेली कारण अभिनेत्रीला मालिका सोडायची होती. मग काय, धागा संपला?

लष्करकर_ग्वाल्हेर

शिवाय त्या सिद्धान्तात एक गृहीत आहे की ताशाने तोंड उघडलं. टर्कानाची पोरगी ती. मला नाही वाटत.

आर्द्रा

बरं झालं कुणीतरी टर्काना म्हटलं. तुम्ही मघापासून रेघा मारताय, जरा त्या बाईकडे बघू.

ताशाचा जन्म २३३७, टर्काना-४ या वसाहतीत. सरकार कोसळलेलं, टोळ्यांचं राज्य. पाचव्या वर्षी आईबाप गेले, पदरात धाकटी इशारा, आणि बलात्कारी टोळ्यांपासून लपत लपत वाढणं. पंधराव्या वर्षी ती तिथून सुटली. अशा मुलीला लेखकांनी दुसरं आयुष्य दिलं, आणि त्यात काय दिलं? जनरलची ठेवलेली बाई. ज्या गोष्टीपासून ती जन्मभर पळाली तिच्यातच नेऊन बसवली. आणि तेही दाखवायचे कष्ट घेतले नाहीत. सेला दोन मिनिटांत सांगून मोकळी.

आता तारखा जुळवा, तुम्हाला आवडतात ना. सेलाचा जन्म २३४५, म्हणजे ती रात्र २३४९ ची. रोम्युलसवर चौतिशीची ताशा चार वर्षांच्या पोरीला उचलून अंधारातून निघालीय. त्याच वर्षी टर्काना-४ वर दुसरी ताशा बारा वर्षांची आहे, कुठेतरी दडून बसलीय, आणि अजून तीन वर्षं तिला तिथेच काढायचीत. एकीला पुढचं सगळं माहीत आहे. तिला हेही माहीत आहे की ती पोर आत्ता कुठे आहे, आणि ती काहीही करू शकत नाही. या एका प्रसंगावर अख्खा सीझन निघाला असता.

रामबागी काका, तुम्ही म्हणता ती मेली नाही. मी म्हणते त्या रात्री संपली असेल तर सुटली. नाहीतर आणखी वीस वर्षं ती तिथेच होती, हे तुम्हाला मानावं लागेल. चालेल?

रामबागी

आर्द्राताई, चालेल की नाही ते सोडा, पण पळायचा बेत तिचा होता हे सेलाच सांगते. पाच वर्षांच्या कैदेनंतरही बाई मोडली नव्हती. असं माणूस एकदा फसलं तर दुसऱ्यांदा करतं.

सराफा_रात्री_बारा

माझी शंका वेगळीच. सेला २३४५ ची, ‘रिडेम्प्शन’ २३६७-६८ चा. म्हणजे बाईसाहेब बावीस-तेविसाव्या वर्षी रोम्युलन ताफा चालवतायत आणि क्लिंगॉनांच्या यादवीत काड्या घालतायत. या वयात आपल्या भंवरकुआँला पोरं एमपीपीएससीच्या प्रिलिम्सचा दुसरा अटेम्प्ट देत असतात.

चष्मिष

जनरलची मुलगी आहे भिया. वशिला सगळ्या आकाशगंगेत चालतो.

वॉर्प_मावशी

हसण्यावारी नेऊ नका, यात खरी मेख आहे. सेला त्या जनरलच्या घरात वाढली. चार वर्षांच्या मुलाला एखादी रात्र आठवते म्हणजे काय आठवतं? थोडा अंधार, थोडी धावपळ, स्वतःचं रडणं. बाकीचं घरचे भरतात. ‘तू ओरडलीस, म्हणून आई पकडली गेली, आणि तू बरोबर केलंस’ हे वाक्य त्या पोरीच्या डोक्यात कुणी घातलं असेल? ज्याला तिची निष्ठा हवी होती त्याने. माणूसपण आईबरोबर मेलं, उरलं ते रोम्युलन, अशा अर्थाचं ती पिकार्डला ऐकवते ना, ते मला फार पाठ केलेलं वाटतं.

म्हणून सेला खोटं बोलतेय असं मी म्हणणार नाही. तिचा स्वतःचा विश्वास आहे त्यावर. ताशा त्या रात्री लढताना मेली असेल, निसटली असेल, तुरुंगात गेली असेल. मुलीपर्यंत एकच आवृत्ती पोचली.

शंकेखोर

हे मात्र पटलं. खोटी साक्ष नाही, पढवलेली साक्ष. वकील लोकांना फरक कळेल.

व्यवस्थापक

एक प्रतिसाद काढून टाकला आहे. अभिनेत्रीच्या दिसण्याबद्दलचे शेरे इथे नकोत. चर्चा छान चालली आहे, तशीच चालू द्या.

लष्करकर_ग्वाल्हेर

आर्द्राताईंचा राग लेखकांवर आहे, पण एक गोष्ट त्यात धरायला हवी. ताशाचं काम करणाऱ्या डेनिस क्रॉस्बीने मालिका स्वतःहून सोडली, कारण पहिल्या सीझनमध्ये तिला ब्रिजवर उभं राहण्यापलीकडे काम उरलं नव्हतं. मरण अचानक आणि बिनकारणाचं असावं हा मालिकेचा निर्माता रॉडेनबेरीचा निर्णय, सुरक्षा अधिकाऱ्याच्या धंद्यात मरण असंच येतं म्हणून. आणि ताशाची मुलगी ही कल्पना? ती क्रॉस्बीनेच सुचवली. म्हणजे दुसऱ्या ताशाला रोम्युलसवर पोचवण्यात तिचाही हात आहे.

अवांतर: ‘सिम्बायोसिस’ हा भाग ‘स्किन ऑफ ईव्हिल’च्या आधी दाखवला गेला, पण चित्रीकरण नंतर झालं. त्यात पिकार्ड आणि क्रशर कार्गो बेमधून निघतात, मागे दार बंद होत असताना ताशा कॅमेऱ्याकडे बघून हात हलवते. क्रॉस्बीचा निरोप. कथेत ती अजून मेलेली नाही, सेटवर तिचं मरण शूट होऊन गेलंय. काळाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आर्द्रा

कल्पना अभिनेत्रीची असली तरी दोन मिनिटांत उरकायची पद्धत कुणाची? मुलीला दोन भागांची कथा, वर ‘युनिफिकेशन’मध्ये पुन्हा प्रवेश. आईला एक परिच्छेद. आणि डेटाला तर या सगळ्याचं काहीच नाही. ‘द मेजर ऑफ अ मॅन’मध्ये त्याने तिचं छोटं होलोग्राम जपून ठेवलेलं दिसतं, ते बघून माझ्या पोटात तुटतं. त्याच डेटासमोर त्याच चेहऱ्याची बाई शत्रू म्हणून येते आणि मालिका त्यातून काहीही काढत नाही. संधी फुकट घालवली.

जिरावन

उशिरा आलो. काळ बदलल्याचं कुणालाच कळत नाही, एकट्या गायननला चुकल्यासारखं वाटतं, यावर इंदुरी विचार करा. २१ डिसेंबर १८१७, महिदपूर. होळकर हरले, जानेवारीत मंदसोरचा तह, आणि मग राजधानी इंदूरला आली. लढाई जिंकलो असतो तर? दरबार तिकडे भानपुऱ्याकडेच राहिला असता, हे गाव व्यापारी पेठ म्हणून पडून असतं, आणि आपण सगळे दुसरीकडेच कुठेतरी ताशावर भांडत असतो. आणि एकालाही वाटलं नसतं की काही चुकलंय. हरलेल्या लढाईवर आपलं शहर उभं आहे. नरेंद्रा-३ वर फेडरेशन उभं आहे, तसंच.

सराफा_रात्री_बारा

भानपुऱ्यात सराफा असता का? तेवढं सांगा, बाकी मंजूर.

शंकेखोर

महिदपूरवरून मला जे टोचतंय ते लिहितो. गायनन म्हणते या युद्धात चार हजार कोटी माणसं मेली. म्हणून एंटरप्राइज-सीने परत जायचं. ठीक. आता मावशींचे पर्याय लावा.

पाटी पुसून लिहिली जात असेल, तर ‘ख’ गेला. चार हजार कोटी परत आले, पण त्या बावीस वर्षांत जन्मलेली पोरं पुसली गेली, त्यांचं कुणी विचारत नाही. आणि फाटा असेल तर आणखी वाईट. मग ‘ख’ कुठेही गेलेला नाही. जहाज भगदाडात शिरतं, आपला कॅमेरा ‘ग’मध्ये येतो, स्वच्छ ब्रिज, वर्फ जागेवर. पण तिकडे ‘ख’मध्ये उपकप्तान रायकर ब्रिजवर मरून पडलाय, सगळीकडे आग, पिकार्ड कठडा ओलांडून स्वतः टॅक्टिकलवर गेलाय आणि क्लिंगॉन चालून येतायत. पुढच्या मिनिटाला काय झालं? त्यांच्यासाठी काहीही बदललं नाही. एक जहाज आणि एक चांगली अधिकारी कमी झाली, एवढंच. सहा महिन्यांत शरणागती व्हायची ती होणारच.

म्हणजे ताशाच्या त्यागाला तिच्या स्वतःच्या लोकांसाठी अर्थ हवा असेल तर पाटी पुसावी लागते. आणि पाटी पुसली तर ताशाला भूतकाळ उरत नाही, न घडलेल्या आयुष्यातून आलेली बाई ती. यातून सुटका मला दिसत नाही.

वॉर्प_मावशी

शंकेखोर, आज तुमच्यासाठी टाळ्या.

यातून निघणारं पुढचं टोक असं: पाटी पुसली गेली असेल तर ‘ख’मधून वाचून आलेलं एकमेव माणूस म्हणजे ताशा. बाकी सगळे, अख्खं युद्ध, तो पिकार्ड, ते चार हजार कोटी, सगळं फक्त तिच्या आठवणीत. म्हणूनच जनरलने तिला मारली असेल तर ती साधी कैदी नव्हती. आणि सेलाच्या निम्म्या रक्ताचा उगम अशा इतिहासात आहे जो घडलाच नाही. ती स्वतःला शंभर टक्के रोम्युलन म्हणवते, आणि तिच्याइतकं बेघर पात्र त्या मालिकेत नाही. मला हे सेलाच्या बाजूने बघायला आवडेल. तिला हे कळलं तर ती काय करेल?

रामबागी

मावशी, यामुळे माझाच मुद्दा पक्का होतो. बावीस वर्षं पुढचं जाणणारी कैदी. रोम्युलन गुप्तहेरखात्याचा कुठला शहाणा तिला मारू देईल? पळण्याच्या प्रयत्नानंतर जनरलकडून काढून घेतील, कुठेतरी खोल कोंडतील आणि मुलीला सांगतील आई मेली. साक्ष पढवलेली, मरण खोटं, कैदी मौल्यवान. माझी बाजू मी इथे बंद करतो.

आर्द्रा

मौल्यवान! काका, तुम्ही तिला जिवंत ठेवायच्या नादात अजून खोल कोठडीत टाकलीत. मी अजूनही म्हणते, ती त्या रात्रीच गेली. पण ओरडण्याने नाही. मुलीला खाली ठेवून परत लढायला वळली असेल, कारण पोरीसकट पळणं जमणार नाही हे तिला कळलं असेल. हे मी माझ्यासाठी लिहून टाकलंय, कुणाच्या पुराव्याची गरज नाही.

चष्मिष

रविवारचं ठरवा आता. मावशींकडे लोकमान्यनगरला प्रोजेक्टर आहे. क्रम काय? मी म्हणतो कथेतल्या वर्षांप्रमाणे लावू.

लष्करकर_ग्वाल्हेर

कथेतल्या वर्षांप्रमाणे लावलंत तर सुरुवात कशाने करणार, २३४४ पासून? ते तर २३६६ च्या भागाच्या पोटात आहे. जसे प्रसारित झाले तसेच बघा. आधी ‘सिम्बायोसिस’चा शेवट फक्त, हात हलवण्यापुरता. मग ‘स्किन ऑफ ईव्हिल’, ‘यस्टरडेज एंटरप्राइज’, ‘रिडेम्प्शन’चे दोन्ही.

दांडियाबाजार

आणि १९९४ चा शेवटचा ‘ऑल गुड थिंग्ज’ विसरताय. त्यात पिकार्ड भूतकाळात फेकला जातो आणि शटलमध्ये समोर ताशा, ठणठणीत. त्याला माहीत आहे ती व्हॅग्रा-२ वर मरणार. टक लावून बघतो, पण सांगत नाही. त्यावर वेगळं भांडण आहे माझं. मी रविवारी येतोय, लिलवा कचोरी घेऊन.

चष्मिष

‘लेगसी’पण हवा ना? इशारा आहे त्यात.

शंकेखोर

इतके भाग लावलेत तर रात्रीचे दोन वाजतील आणि मावशींच्या खालचे घरमालक वर येतील. ‘लेगसी’ पुढच्या वेळी.

एक प्रश्न मात्र रविवारआधी टाकून ठेवतो. सेलाच्या कहाणीत सौदा असा होता की ताशा जनरलकडे राहिली तर एंटरप्राइज-सीचे उरलेले लोक जगतील. कॅप्टन गॅरेट आधीच मेली होती, कॅस्टिलोने जहाज हाती घेतलं होतं, आणि ताशाचा जीव त्याच्यात अडकला होता. २३४९ मध्ये ताशाने सौदा मोडला. मग त्या लोकांचं काय झालं? सेला त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलत नाही आणि पिकार्ड विचारत नाही.

रामबागी

पिकार्डने विचारायला हवं होतं. स्टारफ्लीटची (फेडरेशनच्या ताफ्याची) माणसं कैदेत आहेत असं समोरची सांगतेय आणि हा गप्प. यावर माझ्याकडे एक थिअरी आहे, पण ती कॅस्टिलोवर आहे, वेगळा धागा काढतो.